एकाच मॉनिटरवर चार कामं

(दृश्य: फोंडा, तिस्क. पाऊस. डीटीपीचं दुकान, काउंटरवर गर्दी.)

चतुर्थी तोंडावर आली की या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आरत्यांच्या पुस्तिका, भजनी मंडळाचा बॅनर, उत्सवातल्या नाटकाची हँडबिलं. सगळं आजच हवं. आणि मॉनिटर एकच, तोही जुना, चौकोनी.

(दृश्य: कीबोर्ड, अगदी जवळून.)

आता या बोटांकडे बघा. डावा हात विंडोजच्या खिडकीचं चिन्ह असलेल्या बटणावर आणि कंट्रोलवर, उजवा बाणांवर. कंट्रोलवरची अक्षरं केव्हाच झिजून गेलीत. एक बाण, आरत्या बाजूला सरकल्या, बॅनर समोर. आणखी एक, हिशेबाची शीट. काही मिनिमाइज केलेलं नाही, काही बंद केलेलं नाही. हे व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच मॉनिटरवर कामागणिक वेगळा पडदा.

नवा हवा तर विंडोज, कंट्रोल आणि डी. विंडोज-टॅब दाबलं की सगळे ओळीने दिसतात. एकावरची विंडो माउसने धरायची आणि दुसऱ्यावर सोडायची. विंडोज ११ मध्ये प्रत्येकाला वेगळा वॉलपेपर लावता येतो. इथे आरत्यांवर गणपती, हिशेबावर साधा निळा. गिऱ्हाईक बोलत असतानाही आपण कुठे आहोत ते चटकन कळतं.

विंडोजमध्ये ही सोय आली २०१५ साली, विंडोज १० बरोबर. ॲपलच्या मॅकवर २००७ पासून, ‘स्पेसेस’ नावाने. तिथे कंट्रोल आणि बाण. दुकानात मॅक नाही, तेव्हा पुढे जाऊ.

(दृश्य: मागचं टेबल, धूळ बसलेला सीपीयू, पडद्यावर लिनक्स.)

खरी गंमत इथे आहे. झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत ‘रूम्स’ नावाने ही कल्पना १९८६ मध्येच मांडली गेली होती. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम; ते वापरणारे तर नव्वदच्या दशकापासून ती रोज वापरतात. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरची १९९८ ची पहिली आवृत्ती हे व्हर्च्युअल डेस्कटॉप घेऊनच आली. या मशीनवर तसंच दुसरं सॉफ्टवेअर, गनोम आहे; इथे या डेस्कटॉपना वर्कस्पेस म्हणतात. शेवटच्या वर्कस्पेसवर काही उघडलं की पुढे आणखी एक रिकामा आपोआप तयार. काम संपवून विंडो बंद केल्या की रिकामा झालेला वर्कस्पेस आपोआप जातो. लायसन्सचा एक रुपया नाही.

(दृश्य: प्रिंटरमधून बाहेर येणारी पानं.)

विंडोजवर एखादा डेस्कटॉप बंद केला तरी त्यावरच्या विंडो शेजारच्यावर जातात, फाइल जात नाही. रॅम मात्र आहे तेवढीच. दोन जड सॉफ्टवेअर दोन डेस्कटॉपवर ठेवली, तरी मशीन अडकायचं ते अडकतंच.