टेबलावरचे तीन बॉल: स्टार्टर नेमका कोण?

[पडद्यावर: गेम बॉयचा हिरवट स्क्रीन. प्रोफेसर ओक यांची प्रयोगशाळा. टेबलावर तीन बॉल.]

ही पॅलेट टाउनमधली प्रोफेसर ओक यांची प्रयोगशाळा. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ हे प्राणी पकडून लढवायचे व्हिडिओ गेम आले, त्यातलं हे दृश्य. एका बॉलमध्ये गवताचा बल्बासॉर, दुसऱ्यात आगीचा चारमँडर, तिसऱ्यात पाण्याचा स्क्वर्टल. तिघंही लेव्हल ५ चे. यातला एकच घ्यायचा. असा हातात येणारा पहिला प्राणी म्हणजे स्टार्टर, पण नेमका कोणाला स्टार्टर म्हणायचं यावर वाद आहे.

आता खेळाडूकडे बघू नका, शेजारी उभ्या असलेल्या त्या प्रतिस्पर्धी मुलाकडे बघा. तुम्ही बल्बासॉर उचललात की तो चारमँडरकडे जातो. चारमँडर उचललात तर स्क्वर्टलकडे, आणि स्क्वर्टल उचललात तर बल्बासॉरकडे. तुमच्यावर भारी पडेल तोच तो घेणार.

स्टार्टर कोणाला म्हणायचं यावर वाद घालणारे सहसा बॉलमध्ये काय आहे ते मोजत बसतात: गवत, आग, पाणी. आम्ही या मुलाचं चालणं मोजतो. जो प्राणी घेतल्यावर गेम ती गोष्ट लक्षात ठेवतो आणि पुढं तिच्याप्रमाणे वागतो, तो स्टार्टर.

[पडद्यावर: पहिली लढत. टॅकल, स्क्रॅच, पुन्हा टॅकल.]

या पहिल्या लढतीत गवत-आग-पाणी या एकमेकांवर भारी पडणाऱ्या त्रिकोणाचा काहीच उपयोग नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. लेव्हल ५ ला बल्बासॉरकडे टॅकल आणि ग्राऊल, चारमँडरकडे स्क्रॅच आणि ग्राऊल, स्क्वर्टलकडे टॅकल आणि टेल व्हिप. आग नाही, पाणी नाही, वेल नाही. त्यामुळे ग्राऊल किंवा टेल व्हिप या न मारता समोरच्याला फक्त कमकुवत करणाऱ्या चालींमध्ये फार पाळ्या घालवू नयेत, सरळ मारत सुटावं. हरलात तरी कथा अडत नाही.

खरी हत्यारं नंतर येतात. बल्बासॉर लेव्हल ७ ला लीच सीड शिकतो आणि १३ ला व्हाइन व्हिप. स्क्वर्टल ८ ला बबल, चारमँडर ९ ला एम्बर.

[पडद्यावर: प्यूटर सिटीचं जिम. ओनिक्स पडदा भरून उभा.]

या जिमचा, म्हणजे लढतींच्या आखाड्याचा प्रमुख ब्रॉक. त्याचा जिओड्यूड लेव्हल १२ चा, ओनिक्स १४ चा. दोघंही रॉक (दगड) आणि ग्राउंड (जमीन) या टाईपचे. पाणी आणि गवत त्यांना चौपट लागतं, त्यामुळे बल्बासॉर किंवा स्क्वर्टलवाल्यांचं हे जिम चुटकीसरशी उरकतं. चारमँडरवाले इथं अडकतात, आणि अडकतात ते बहुतेक वेळा स्क्रॅच वापरल्यामुळे. ओनिक्सचा मूळ डिफेन्स (शारीरिक मार झेलायची ताकद) १६० आहे, पण स्पेशल (आग-पाण्यासारखा मार झेलायची ताकद) फक्त ३०. स्क्रॅच डिफेन्सवर आपटतो, एम्बर स्पेशलवर. दगडावर आगीचा परिणाम निम्मा होतो हे खरं, पण स्क्रॅचचाही निम्माच होतो. म्हणून लेव्हल ९ गाठायची आणि मग एम्बरच मारत राहायचं.

[पडद्यावर: इंडिगो प्लॅटो. चॅम्पियनचा संघ एकामागून एक, तीन खिडक्यांत शेजारी शेजारी.]

तोच मुलगा, आता चॅम्पियन. तिन्ही खिडक्यांत पिजिऑट, अलाकझॅम आणि ऱ्हायडॉन सारखेच आहेत. उरलेले तीन मात्र बदलतात. आर्कनाइन, एक्सेग्युटर आणि ग्याराडॉस यांच्यातले दोन येतात, आणि कोणते दोन ते त्याच्या स्टार्टरवरून ठरतं: स्टार्टरचा टाईप सोडून उरलेल्या दोन टाईपचे. सहावा अर्थातच त्याचा स्टार्टर, लेव्हल ६५. म्हणजे प्रयोगशाळेत तुम्ही एक बटण दाबलंत आणि शेवटच्या लढतीतला निम्मा संघ तिथंच ठरून गेला.

[पडद्यावर: दोन गेम बॉय, मधे लिंक केबल.]

उरलेले दोन हवे असतील तर? या गेममध्ये ते रानात कुठंच सापडत नाहीत, आणि अंड्यांची सोय अजून आलेली नव्हती. मार्ग एकच, केबल. मित्राच्या गेममध्ये आपला स्टार्टर ठेवायला द्यायचा, आपला गेम नव्यानं सुरू करायचा, दुसरा स्टार्टर घ्यायचा, मग पहिला परत मागून घ्यायचा. पण केबल क्लब, म्हणजे गेममधला अदलाबदलीचा काउंटर, लगेच उघडत नाही. व्हिरिडियनच्या दुकानातून ओक यांचं पार्सल आणायचं, ते त्यांना द्यायचं, पोकेडेक्स (प्राण्यांची नोंदवही) हातात पडला की मगच काउंटरवरची बाई अदलाबदलीला बसू देते. कार्ट्रिजमध्ये सेव्हची जागा एकच असल्यानं नवा गेम सेव्ह केला की जुना पुसला जातो. अदलाबदल चालू असताना केबल हलली किंवा गेम बॉय बंद पडला, तर प्राणी हरवूही शकतो.

[पडद्यावर: उघडलेलं कार्ट्रिज, हिरवा बोर्ड, त्यावरचा बटण सेल.]

हा सेल संपला की सेव्ह गेला, आणि त्याबरोबर स्टार्टरही.

[पडद्यावर: ‘यलो’. खेळाडूच्या मागे चालणारा पिकाचू.]

१२ सप्टेंबर १९९८, जपान. ‘पोकेमॉन यलो’. टेबलावर एकच बॉल, त्यात ईव्ही, आणि तोही तो मुलगा पळवतो. तुमच्या वाट्याला ओक यांनी गवतात पकडलेला पिकाचू. निवड शून्य. मग हा स्टार्टर कसला, असं म्हणणारे आहेत. आमच्या मते हा सगळ्यांत पक्का स्टार्टर. रूप बदलणारा थंडर स्टोन दाखवलात तर हा नकार देतो. सेरुलियनमध्ये बल्बासॉर मिळतो, पण पिकाचूची तुमच्याशी पुरेशी गट्टी जमली असेल तरच.

आणि त्या मुलाची ईव्ही पाहा. प्रयोगशाळेतली आणि रूट २२ वरची, दोन्ही लढती तुम्ही जिंकलात तर रूप बदलून तिची जोल्टिऑन होते. प्रयोगशाळेत जिंकून रूट २२ टाळलात तर फ्लेरिऑन. प्रयोगशाळेत हरलात आणि रूट २२ लाही गेला नाहीत, तर व्हेपोरिऑन, म्हणजे पिकाचूच्या विजेपुढं सहज पडणारी. जिंकणाऱ्याला अवघड शत्रू, हरणाऱ्याला सोपा. हा बारकावा कोणाला सुचला असेल, त्याला सलाम.

याच गेममध्ये रूट २४ वर एक मुलगा चारमँडर देऊन टाकतो, आणि व्हर्मिलियनला थंडर बॅज (तिथल्या जिमचा बिल्ला) मिळवल्यावर ऑफिसर जेनी स्क्वर्टल देते. जुनं त्रिकूट पूर्ण हातात येतं, पण त्यांच्यावरून पुढं काहीच ठरत नाही. प्राणी तेच, जागा वेगळी. ‘यलो’मध्ये ते स्टार्टर नाहीत.

[पडद्यावर: ‘फायररेड’. नकाशावर इकडून तिकडे उडी मारणारा ठिपका.]

२००४ चे ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’ यांनी हे आणखी ताणलं. चॅम्पियन झाल्यावर आणि सेव्ही बेटांवरचं काम उरकल्यावर कँटो प्रदेशात एक लेव्हल ५० चा श्वापद भटकू लागतो. कोणता, ते स्टार्टरवरून ठरतं. बल्बासॉर घेतला असेल तर एन्टेई, चारमँडरसाठी सुइकून, स्क्वर्टलसाठी रायकू. पुन्हा तोच हिशोब: तुमच्या स्टार्टरला भारी पडणारा. पहिल्याच पाळीत तो पळतो, म्हणून हमखास पकडणारा मास्टर बॉल राखून ठेवा आणि समोरासमोर येण्याआधी सेव्ह करा. सेव्ह करणं इथं चैन नाही. एन्टेई किंवा रायकूनं रोअर ही पळवून लावणारी चाल वापरली की लढत संपते, आणि गेममधल्या दोषामुळे तो कायमचा गायब होतो. परत येतच नाही. चारमँडरवाले यातून सुटतात, कारण सुइकूनकडे तेव्हा रोअर नसतो.

[पडद्यावर: ‘एमराल्ड’. प्रोफेसर बर्च यांची बॅग. पुन्हा बॅग. पुन्हा बॅग.]

हा रीसेटचा, म्हणजे गेम पुन्हा पुन्हा नव्यानं चालू करण्याचा उद्योग. बॅगेसमोर सेव्ह करायचं, प्राणी घ्यायचा, स्वभाव तपासायचा. स्वभाव २५ आहेत. त्यातले २० प्राण्याच्या क्षमतांपैकी एक आकडा दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा तेवढाच घटवतात, बाकी पाच काही करत नाहीत. नाही पटला तर ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट एकदम दाबायचे. वेगळ्या रंगाचा, म्हणजे शायनी हवा असेल तर शक्यता ८,१९२ मध्ये एक. ‘एमराल्ड’मध्ये मात्र एक खोच आहे. यादृच्छिक आकड्यांची मालिका दर वेळी शून्यापासूनच सुरू होते. हात एका लयीत पडला की तोच प्राणी पुन्हा पुन्हा समोर येतो. उपाय साधा: दर खेपेला थोडं कमी-जास्त थांबा. ‘स्वोर्ड’, ‘शील्ड’, ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ यांत हे करू नका. तिथं पहिला प्राणी शायनी निघणारच नाही, अशी कुलपाची सोय केलेली आहे.

[पडद्यावर: ‘ब्लॅक’मधली तीन माकडं. मग लुमिओस सिटी. मग मोबाइलचा कॅमेरा.]

वादातली उरलेली नावं भराभर. ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मधली माकडं: नाही. तुमचा स्टार्टर पाहून गेम त्यांतलं एक हातात ठेवतो. ते उत्तर आहे, प्रश्न नाही. ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये प्रोफेसर सायकामोर जुन्या त्रिकुटातला एक देतात: निवड खरी, पण प्रतिस्पर्ध्यांचे संघ तिच्यामुळे बदलत नाहीत. आमच्याकडून नाही. ‘पोकेमॉन गो’, जो आपल्याकडे डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओसोबत अधिकृतपणे आला: तिघांकडे पाठ फिरवून चालत राहिलं की पिकाचू येतो, ही युक्ती झकास. पण तेच तिघं पुढं रस्त्यावर भेटतात आणि निवडीचा मागमूस उरत नाही. नाही.

[पडद्यावर: ‘पालवर्ल्ड’. गवताळ माळ, झाडावर पडणारे ठोसे.]

जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘पालवर्ल्ड’ या वेगळ्या गेममध्ये प्रोफेसर नाहीत, टेबल नाही. २ लाकडांचं साधं वर्कबेंच मांडायचं, ३ लाकूड, ३ दगड आणि पॅल्डियमचा १ तुकडा घालून एक पाल स्फिअर (प्राणी पकडायचा गोळा) बनवायचा, आणि जवळच्या मेंढीसारख्या लॅमबॉलला थोडं ठोकून त्यावर फेकायचा. पूर्ण जीव असताना फेकला तर स्फिअर वाया जायची शक्यता जास्त. फार मारलंत तर लॅमबॉलच मरतो. पकडलेला हा पहिला प्राणी बेसवर काम करतो, दुसरा येतो, तिसरा येतो. पहिला कोणता होता, हे गेम विचारत नाही.