मानेवरचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे

नमस्कार श्रोतेहो.

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. आलेले असतात सर्दी-खोकल्यासाठी, निघताना आई म्हणते, "डॉक्टर, याची मान बघा ना. डाळीचं पीठ लावून झालं, लिंबू चोळून झालं, तरी काळीच. अंघोळच धड करत नाही." सातवी-आठवीतला मुलगा बिचारा खाली बघत उभा असतो. घासून घासून कातडी लाल झालेली असते.

तो काळेपणा घासून जाणार नाही, कारण तो मळ नाहीच. वजन वाढलेल्या मुलाच्या मानेमागची, काखेतली कातडी जाड, मखमलीसारखी आणि काळपट झाली, तर बहुतेक वेळा त्याच्या रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर काबूत ठेवणारं संप्रेरक, वाढलेलं असतं. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त जास्त तयार करत राहतं. पुढेमागे मधुमेह होण्याचा धोका वाढला आहे, असं ती कातडी सांगत असते. आणि आपण त्या पोराला अस्वच्छ म्हणून रागावतो!

आपल्याकडे गुबगुबीत मूल म्हणजे खात्यापित्या घरचं. "वयात आला की उंची घेईल, आपोआप उतरेल," असं आजी म्हणते. काही मुलांचं उतरतंही. पण किशोरवयात स्थूल असलेली बहुतेक मुलं मोठेपणीही स्थूलच राहतात, म्हणून नुसती वाट पाहत बसणं बरं नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पुण्यातच उलगडली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साधारण साडेतीन किलो. आपली बाळं किरकोळ; स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी मात्र फारशी कमी नव्हती. पुढे 2004 मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के.

म्हणून वजनकाट्यावर "ठीक" दिसणारं आपलं मूल आतून ठीक असेलच असं नाही. गरोदरपणी आई उपाशी-अर्धपोटी, बाळ लहानखुरं, आणि पुढे हातात पाच-दहा रुपयांचे पुडे. कुपोषण आणि स्थूलता एकाच घरात नांदतात ती अशी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये देशातली पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी होती. त्याच वयोगटात जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या सर्वेक्षणातल्या 2.1 टक्क्यांवरून 3.4 वर गेलं होतं.

आता खाण्याकडे वळू. 300 मिलिलिटर गोड शीतपेयात साधारण 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे. कुठली आई पोराच्या पेल्यात सहा चमचे साखर घालेल? महाराष्ट्र सरकारने 2017 मध्ये शाळेच्या उपाहारगृहांत जंक फूडला मनाई केली, ते चांगलंच झालं. पण फाटकाबाहेरची टपरी आहेच, आणि घरातला वरच्या फळीवरचा डबाही आहे. शिवाय पीटीचा तास गणिताला दिला जातो, संध्याकाळी क्लास असतो. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी तासभर अंगमेहनतीचा खेळ हवा म्हणते. तो तास आपण मोठ्यांनीच काढून घेतला आहे.

म्हणून कळकळीनं सांगते, पोराला "जाड्या" म्हणू नका, चारचौघांत त्याच्या ताटावर बोलू नका. एकट्याला काकडी आणि बाकीच्यांना वडे, ही शिक्षा झाली. बदल करायचा तर सगळ्या घराने करायचा. उपाशी तर मुळीच ठेवू नका. वाढत्या वयात बऱ्याच मुलांचं वजन उतरवावं लागत नाही. ते आहे तिथे राहिलं आणि उंची वाढली तरी पुष्कळ.

घरी एक तपासणी करता येते. पाच वर्षांपुढच्या मुलाच्या उंचीएवढी दोरी घ्या, ती दुहेरी करा आणि पोटाभोवती धरा. टोकं जुळत नसतील तर डॉक्टरांना भेटा. ते भारतीय मुलांसाठीच्या वाढतक्त्यावर नोंद करतील, गरजेप्रमाणे रक्तदाब, साखर, यकृत तपासतील. आणि वजन वाढतंय पण उंची थांबली आहे, असं दिसलं तर मात्र लगेच जा. तिथे थायरॉईड किंवा दुसऱ्या एखाद्या ग्रंथीचा दोष असू शकतो, आणि त्यावर औषधोपचारच लागतात.

नमस्कार.