डब्यातली चिल्लर, गल्ल्यातली चिल्लर

मंडळी, टेबलावरचा हा डबा मूळचा चकल्यांचा. घरातल्यांनी तो कधीच सोडून दिलाय, कारण गेली वीसेक वर्षं त्यात माझी स्मारक नाणी आहेत, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या आठवणीत सरकारने काढलेली. माझा खरा संग्रह अल्बममध्ये आहे, त्याला मी हात लावणार नाही. डब्यात आहेत ती 'डबल'. एकाच छापाची सात-सात, आठ-आठ.

एकदा हा डबा घेऊन मी एका नाणी-प्रदर्शनात गेलो होतो. तिथल्या व्यापाऱ्याने झाकण उघडलं, दोन बोटांनी वरवर चाळलं आणि डबा परत माझ्याकडे सरकवला. "काका, असली माझ्याकडे गोणीभर आहेत. भाजी आणा त्याची." राग आला. पण घरी येताना वाटलं, माणूस बरोबर बोलला. आणि मी खरंच भाजी आणायला लागलो.

लोकांचा इथे एक घोळ होतो. स्मारक नाणं म्हटलं की ते दुर्मीळच असणार, असं आपण धरून चालतो. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं निघालं 1964 साली, नेहरूंचं, पन्नास पैसे आणि एक रुपया. तेव्हापासून ही नाणी दोन वाटांनी येतात. एक वाट पेटीतली, संग्राहकांसाठीची. 2023 मध्ये नव्या संसद भवनाचं पंचाहत्तर रुपयांचं नाणं निघालं, पस्तीस ग्रॅमचं, निम्मी चांदी. ते घेऊन कुणी वाण्याकडे जात नाही. दुसरी वाट बँकेतून थेट बाजारात. ही नाणी वापरण्यासाठीच पाडलेली, भरपूर पाडलेली. त्यातलं झिजलेलं एखादं विकायला काढलंत, तर पाकिटाला आणि पोस्टाला जास्त पैसे पडतील.

मोबाइलवर मात्र 'हे नाणं असेल तर लखपती' चालूच असतं. वैष्णोदेवीच्या 2012 च्या नाण्यावर तर किती जणांनी आशा लावल्या! रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नाण्यांसाठी फी आणि कर उकळणारेही निघाले. शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये बँकेला जाहीर सांगावं लागलं की असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही.

तर, खर्च करायचा. पण खर्च करणं वाटतं तितकं सोपं नाही.

हे बघा, दोन रुपये, 1999. अकरा कोनांचं, तांबे-निकेलचं. हातात घ्या, आजच्या स्टीलच्या नाण्यापेक्षा ते निराळं लागतं. यावर शिवाजी महाराज आहेत. त्याच साली एक रुपयावर ज्ञानेश्वर आले, 2002 मध्ये दोन रुपयांवर तुकाराम. आमच्या कोपऱ्यावर एक फुलवाल्या मावशी बसतात. त्यांना मी सुट्ट्यांत ज्ञानेश्वर दिले. त्यांनी नाणं जवळ नेऊन पाहिलं, पदराने पुसलं, कपाळाला लावलं आणि गल्ल्यात न टाकता कमरेच्या पिशवीत ठेवलं. म्हणजे माझ्या डब्यातून सुटलेली माउली गेली त्यांच्या देव्हाऱ्यात! महाराजांचंही तेच. दिलेलं नाणं कुणी पुढे देत नाही.

फिरतात कोण? 'लहान कुटुंब, सुखी कुटुंब'वाले दोन रुपये, 1993 चे. किंवा जैवविविधतेचे, त्याच सालचे. त्यांना कुणी पुसत नाही, कपाळाला लावत नाही. ते निमूट भाजीत जातात, रिक्षात जातात. एकदा मात्र आमच्या भाजीवाल्याचा मुलगा ते कुटुंबाचं नाणं निरखत बसला होता. "काका, हे खोटंय का? आपल्याकडच्या नाण्यासारखं नाहीये." मी त्याला सालाखालची खूण दाखवली. पत्त्यातल्या चौकटसारखी असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. आता मी गेलो की तो आधी गल्ला उपडा करतो. बापाची बोहनी राहते बाजूला.

'खोटंय का' हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. दहाच्या नाण्याचं आपण काय करून ठेवलं आठवा. पंधरा रेषांचं खोटं, दहा रेषांचं खरं, रुपयाची खूण नसेल तर घेऊ नका, अशा अफवा. 17 जानेवारी 2018 ला रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की दहाच्या नाण्याचे चौदाही छाप चालू आहेत. तरी मला एका हॉटेलात डॉ. आंबेडकरांचं 2015 चं दहाचं नाणं परत मिळालं, "हे नाही चालत" म्हणून. मी वाद घातला, चहा गार झाला, शेवटी नोट दिली. नाणी इतक्या छापांची काढली की ओळखीचा चेहरा राहत नाही. हा दोष मात्र हॉटेलवाल्याचा नाही, असं माझं मत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेर बंद झाली, ती अल्बममध्येच ठेवा. पन्नास पैसे अजून चालू आहेत, कुणी घेत नसलं तरी. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे पन्नास पैशांत दहा रुपयांपर्यंतच देणं भागवता येतं, म्हणजे वीस नाणी. रुपया आणि वरच्या नाण्यांची मर्यादा हजार रुपये. तेव्हा डबा घेऊन कुणी फ्रिज घ्यायला जाऊ नये. आणि नाणी वितळवणं गुन्हा आहे, हेही असू द्या.

मला विचारतात, वाईट नाही वाटत? सुरुवातीला वाटलं. पहिल्या दिवशी मी तुकारामांचं नाणं तीनदा खिशातून काढून पुन्हा ठेवलं आणि कंडक्टरला साधे पाच रुपये दिले. अजूनही तुकाराम एक कायम ठेवतो, सगळे देत नाही. संग्राहकाचा हात असा पटकन सुटत नाही.

बरं, बाहेर चहा तयार आहे, दहा रुपये कप. चहावाल्याकडे सुट्टे नाहीत, मघाशीच त्याने मला सांगितलंय. ज्यांच्याकडे शंभराची नोट असेल त्यांनी आधी या टेबलाशी यावं, मी मोडून देतो. महाराज मागू नका, ते संपले.