मूळव्याधच असेल!

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘मोठ्या आतड्याचा कर्करोग : लक्षणं आणि तपासणी’. तपासणीवर मी येणारच आहे. पण त्याआधी एका शब्दाबद्दलची माझी तक्रार ऐकून घ्या. तो शब्द म्हणजे मूळव्याध.

आपल्याकडे शौचाला रक्त गेलं की त्याचं बारसं ताबडतोब उरकतं. घरातलंच कुणीतरी म्हणतं, ‘मूळव्याधच असेल, तिखट कमी कर.’ एसटी स्टँडाजवळच्या भिंतीवर पाटी असतेच : मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन. मग सुरण, ताक, इसबगोल, मलमाची ट्यूब. आणि गंमत अशी की पुष्कळदा ते खरंही निघतं, कारण मूळव्याध आहेच तितकी सर्रास. पण ती असलेल्याला कर्करोग होत नाही, असा काही नियम नाही. दोन्ही एकदमच नांदू शकतात. मलमाने एकीची आग थांबते आणि दुसरा निवांत वाढत राहतो.

म्हणून रक्त कसं जातं ते बघा. हो, भांड्यात वाकून बघा, मगच फ्लश ओढा. (हशा) हसा, पण बघा. मूळव्याधीचं रक्त सहसा लालभडक, शौच झाल्यावर थेंब थेंब पडणारं, मळापासून वेगळं. गडद, मळात कालवलेलं, सोबत शेंबडासारखी आव, असं असेल तर ते वरून येतंय असं समजा. आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर खाल्ली असेल तर तो रंग बीटाचा, आणि लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळपट होतो. तरी ही झाली घरची पाहणी, निदान नव्हे. गुदाशयातल्या, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातल्या, गाठीचं रक्तही लालभडक असू शकतं. तिथे बोटानेच तपासावं लागतं. हातमोजा, थोडी जेली, एक मिनिट. आत सात-आठ सेंटिमीटरपर्यंतची गाठ बोटाला लागते. पण पेशंट लाजतो, डॉक्टर घाईत असतो, आणि न बघताच कागदावर मलम उतरतं. ‘तपासणार नाही का?’ हे पेशंटनेच विचारावं, अगदी मोठ्याने.

आता जिथे रक्त दिसतच नाही ते. मोठं आतडं साधारण दीड मीटर. उजवीकडे ते रुंद आणि आतला मळ पातळ, त्यामुळे तिथली गाठ वाट अडवत नाही, नुसती झिरपत राहते. पोटाची तक्रार नाही. जिना चढताना धाप लागते एवढंच. हिमोग्लोबिन निघतं ८. टॉनिक सुरू होतं, १० होतं, घरात सगळे खूश! गळकी टाकी वरून भरतोय आपण. पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी पडलं, तर रक्त जातंय कुठे हे आधी शोधायचं.

डावीकडे आतडं अरुंद, मळ घट्ट. तिथे सवय मोडते. वर्षानुवर्षं सकाळी एकदा जाणारा माणूस तीनदा जातो, नाहीतर दोन दिवस होतच नाही आणि मग जुलाब. गुदाशयात गाठ असली तर जाऊन आल्यावरही पोट साफ वाटत नाही, पुन्हा पुन्हा कळ येते. तीन आठवडे असं चाललं तर चूर्ण बदलू नका, डॉक्टर गाठा. वजन उतरायची वाट बघू नका, ते फार उशिरा उतरतं.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत आणि मूळ विषय अजून सुरूच व्हायचाय! पळतो.

त्रास असेल तर वय बघायचं नाही. आता त्रास नसलेल्यांचं. बहुतेक कर्करोग आधी पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी मांसल वाढ, असतो आणि त्याला बिघडायला दहाएक वर्षं लागतात. तेवढ्यात तो काढला की काम झालं. अमेरिकेत २०२१पासून तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५वर आणलंय. इंग्लंडमध्ये दर दोन वर्षांनी मळ तपासायचं किट घरी येतं. आपल्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. तेव्हा ४५-५०च्या पुढे आपणच विचारायचं. पर्याय दोन. मळातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’, दरवर्षी; ती माणसाचंच रक्त ओळखते, मटण बंद करायला नको. पॉझिटिव्ह आली तर ‘पुन्हा करून बघू’ नाही, थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं. हा दुसरा पर्याय. स्वच्छ निघाली तर दहा वर्षं सुटका. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधली सीईए ही रक्ततपासणी यासाठी नाही, ती नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात कुणाला साठीच्या आत झाला असेल, तर कोलोनोस्कोपी चाळिसाव्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा, आणि मग दर पाच वर्षांनी. भावाला ४६व्या वर्षी, तर तुम्ही ३६व्या.

कोलोनोस्कोपीच्या तयारीत लोक चुकतात. आदले दोन दिवस पालेभाजी, पेरू, टोमॅटोच्या बिया, शेंगदाणे बंद. लोहाची गोळी आठवडाभर आधी थांबवायची. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं मात्र विचारूनच. पोट साफ करायच्या पावडरीचं पाणी अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीआधी चार ते सहा तास, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. शेवटी लघवीसारखं पिवळं, स्वच्छ पाणी पडायला हवं. गढूळ पडत असेल तर तिथे सांगा, नाहीतर छोटा पॉलिप मळाखाली दडून राहतो.

काय विचारलंत? कोकम सरबत चालेल का? नाही, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लिंबाचं घ्या, गाळून.