मुंबईत स्वस्तात उतरायचंय? जुनं गाईडबुक काढा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मुंबईत स्वस्तात कुठं उतरायचं यावर, आणि तेही मोबाईलवर नाही, पुस्तकात बघून. हसू नका. गाईडबुक म्हटलं की आपल्याला पाठीवर सॅक टाकलेला गोरा पाहुणाच आठवतो, आपला सोलापूरचा माणूस सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसला की एकतर पाव्हण्याकडं नाहीतर कुणीतरी सांगितलेल्या लॉजवर. पण पाव्हणे राहतात डोंबिवलीला नाहीतर विरारला, काम असतंय मंत्रालयात, म्हणजे निम्मा दिवस लोकलमध्येच गेला की.

तर पुस्तक हातात घेतलं की आधी छपाईचं साल बघायचं. लेखक फिरणार, लिहिणार, मग ते छापणार, त्यामुळं दुकानात येईपर्यंतच त्यातले रेट शिळे झालेले असतात, आणि रद्दीवाल्याकडनं घेतलं असेल तर विचारूच नका. तरी मी म्हणतो जुनंच घ्या. रेट हा आकडा म्हणून वाचायचाच नाही, शेजारच्या लॉजशी ताडून वाचायचा. जो लॉज तेव्हा शेजाऱ्याच्या निम्म्या भाड्यात होता तो आज पण बहुतेक स्वस्तच निघतो, कारण इमारत तीच, लाकडी जिना तोच, कॉमन बाथरूम पण तेच. टॅक्स मात्र पुस्तकातला धरू नका. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या रूमला जुलै 2022 पर्यंत जीएसटी नव्हता, मग 12 टक्के लागला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारापर्यंतच्या रूमला 5 टक्के झालाय.

आता हे पुस्तक लिहिलंय कुणासाठी ते पण बघा. लोनली प्लॅनेटसारखी इंग्रजी गाईडबुकं मुळात परदेशी पाहुण्यांसाठी, म्हणून त्यांची स्वस्त मुंबई म्हणजे कुलाबा, ताजच्या मागच्या गल्ल्या, तिथलं साल्व्हेशन आर्मीचं हॉस्टेल, मादाम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीए. त्यात अजून एक गंमत आहे. परदेशी माणूस उतरला की हॉटेलवाल्याला 24 तासांत सरकारला फॉर्म भरून कळवावं लागतं, लहान लॉजवाले या भानगडीत पडतच नाहीत, ते परदेशी गिऱ्हाईक घेतच नाहीत, मग ते पुस्तकात येणार कुठनं? म्हणजे आपल्याला चालणारे कितीतरी लॉज त्या यादीच्या बाहेरच राहतात.

म्हणून यादीपेक्षा नकाशा बघा. बजेट हॉटेलांचे ठिपके कुठं दाटलेत ते बघायचं, फोर्टात, स्टेशनजवळ, जिथं असतील तिथं, आणि त्या ठिकाणी उतरून बाजूच्या गल्लीत शिरायचं. पुस्तकात नाव आलेला मालक जरा शेफारलेला असतो, रेट वाढवतो, चादर मात्र बदलत नाही (आपण चादरीच्या गावचे, आपल्याला ते लगेच कळतंय). त्याच्या शेजारचा बिननावाचा लॉज बऱ्याचदा बरा निघतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या गाडीचा टाइम. रात्री सोलापूर सोडलं की सकाळी सकाळी सीएसएमटी, आणि परतीची गाडी पण रात्रीचीच. आता ज्या हॉटेलात चेकआऊट दुपारी बाराला, तिथं सकाळी सातला गेलात तर एकतर बारापर्यंत बाकड्यावर बसा नाहीतर आदल्या दिवसाचं पण भाडं भरा. 24 तासांचं चेकआऊट असेल तर सातला आत, आंघोळ, दुसऱ्या दिवशी सातपर्यंत रूम तुमची. दोनशे रुपये जास्त पडले तरी ते स्वस्तच. पुस्तकात ही वेळ लिहिलेली असेल तर भाड्याच्या आधी ती वाचा, आणि फोन करून परत विचारून घ्या कारण नियम बदललेला असू शकतो. नुसतं आंघोळ करून कामाला पळायचं असेल तर स्टेशनची रिटायरिंग रूम आहे, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर 12 तासांसाठी पण ऑनलाइन मिळते, फक्त आधी बुक करा. बॅग क्लोकरूमला ठेवणार असाल तर कुलूप घरनंच न्या, बिनकुलपाची बॅग घेत नाहीत.

टाटाला पेशंट घेऊन जाणाऱ्यांना मात्र या पुस्तकांचा काही उपयोग नाही. त्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी, ती जागा पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांसाठीच आहे, आपण फिरायला जाणाऱ्यांनी तिथली खाट अडवू नये.

शेवटी रूम बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. मुंबईत स्वस्त रूमला खिडकीच नसते असं खूप ठिकाणी आहे, प्लायवूडचं पार्टिशन घालून एकाच्या दोन केलेल्या असतात, पलीकडच्याचं घोरणं फुकट. गरम पाणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ते विचारा. आणि काउंटरवर पुस्तक बाहेर काढू नका, पिशवीतच ठेवा, दिसलं की रेट वाढलाच म्हणून समजा.

बरं, वेळ संपली. नमस्कार.