घराणं, पैसा आणि लंबगोल चेंडू

[पडद्यावर अमेरिकेचा नकाशा. दोन्ही किनारे एकाच चौकटीत.]

१ सप्टेंबर २०२३. ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ या अमेरिकी कॉलेजांच्या क्रीडागटानं तीन नवे सभासद जाहीर केले. एक डॅलसचं सदर्न मेथडिस्ट. बाकी दोन, स्टॅनफर्ड आणि बर्कली. आता नकाशावर बोट ठेवा. ही दोन्ही विद्यापीठं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपाशी आहेत. अटलांटिक महासागर तिथून चार हजार किलोमीटर लांब. पॅसिफिक मात्र गाडीनं तासाभरात गाठता येतो.

नोबेल विजेत्यांच्या याद्या मिरवणाऱ्या या दोन विद्यापीठांनी आत शिरायला काय कबूल केलं? टीव्हीच्या पैशातला फक्त ३० टक्के वाटा, तोही सुरुवातीची सात वर्षं. सदर्न मेथडिस्टनं तर नऊ वर्षं हा पैसा नकोच म्हणून टाकलं.

एवढी गरज का पडली? कारण महिन्याभरापूर्वीच स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं स्वतःचं घर, ‘पॅक-ट्वेल्व्ह’ हा गट, बसलं होतं.

[जुनी छायाचित्रं. पोर्टलंड, ओरेगन.]

डिसेंबर १९१५. पोर्टलंडच्या इम्पीरियल हॉटेलात चार कॉलेजांची माणसं जमली. बर्कली, वॉशिंग्टन (राजधानीचं नव्हे, पश्चिमेकडच्या त्या नावाच्या राज्याचं), ओरेगन आणि कॉर्व्हॅलिस गावचं ओरेगन कृषी महाविद्यालय, म्हणजे आजचं ओरेगन स्टेट. आपल्या भागातल्या कॉलेजांनी आपसात खेळायचं, नियम एकत्र ठरवायचे, एवढाच बेत. कॉन्फरन्स म्हणजे मुळात हेच. शेजाऱ्यांचा गट. रेल्वेनं जाऊन सामना खेळून परत येता येईल, इतक्या अंतरावरचे शेजारी.

मधे एकदा हा गट मोडला, पुन्हा जमला, सभासद वाढले तशी नावं बदलली. १९७८ मध्ये ॲरिझोनाची दोन विद्यापीठं आली आणि पॅक-टेन झालं. २०११ मध्ये कोलोराडो आणि यूटा आल्यावर पॅक-ट्वेल्व्ह. पाचशेहून जास्त राष्ट्रीय विजेतेपदं या गटाच्या नावावर, म्हणून स्वतःला ‘कॉन्फरन्स ऑफ चॅम्पियन्स’ म्हणवून घ्यायचे. त्यात वॉटर पोलोपासून टेनिसपर्यंत सगळं आलं. पण पैसा येतो तो फुटबॉलमधून. आपला फुटबॉल नव्हे, हातात धरून पळायचा, लंबगोल चेंडूचा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एका वेळी लाखाहून जास्त माणसं बसतात, यावरून कॉलेजचा हा खेळ तिकडं काय चीज आहे ते समजावं.

[स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे विद्यार्थी, समोरासमोर.]

शेजारी म्हटले की उणीदुणी आलीच. बर्कली सरकारी, स्टॅनफर्ड खाजगी. स्टॅनफर्डचं पूर्ण नाव लेलँड स्टॅनफर्ड ज्युनिअर युनिव्हर्सिटी. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या आठवणीत आईवडिलांनी ते काढलं. बर्कलीवाले त्यातला ‘ज्युनिअर’ तेवढा उचलतात आणि शेजाऱ्यांना ‘ज्युनिअर युनिव्हर्सिटी’ म्हणून हिणवतात. जुना विनोद आहे, अजून झिजलेला नाही.

आणि मग ती कुऱ्हाड. १८९९ मध्ये एका बेसबॉल सामन्यात स्टॅनफर्डच्या पोरांनी चिडवायला आणली, बर्कलीच्या पोरांनी पळवली आणि लपवता यावी म्हणून दांडा कापून टाकला. एकतीस वर्षांनी स्टॅनफर्डवाल्यांनी ती परत पळवली. शेवटी १९३३ मध्ये ठरलं, दरवर्षीचा फुटबॉल सामना जो जिंकेल, त्याच्याकडं कुऱ्हाड. आता ते पातं एका लाकडी फळीवर बसवलंय आणि फळीवर आजवरच्या सामन्यांचे निकाल आहेत.

१९८२ ची ओळ जरा जवळून पाहा. त्या सामन्यात चार सेकंद उरले होते, स्टॅनफर्ड एका गुणानं पुढं. बर्कलीच्या खेळाडूंनी चेंडू मागं फेकत, एकमेकांकडं देत पाच वेळा हात बदलले. सामना संपला समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात घुसला होता, त्या वाजंत्र्यांमधूनच वाट काढत शेवटचा गडी पलीकडं पोचला आणि ट्रॉम्बोनवाल्यावर जाऊन आदळला. बर्कली २५, स्टॅनफर्ड २०. स्टॅनफर्डनं हा निकाल आजपर्यंत मानलेला नाही. कुऱ्हाड त्यांच्या ताब्यात आली की फळीवरचा आकडा बदलून ते २०-१९ करतात, आपल्या बाजूनं. बर्कलीकडं गेली की आकडा पुन्हा पूर्वपदावर. जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांचा हा उद्योग.

[विद्यापीठांची बोधचिन्हं, एकामागून एक.]

पण प्रतिष्ठेचा खरा बाजार भरतो तो कुलगुरूंच्या बैठकीत. गटात कोणाला घ्यायचं हे शेवटी कुलगुरू ठरवतात आणि कुलगुरूंना बरोबरीचे लोक लागतात. ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज’ नावाची एक संस्था आहे, १९०० सालची. संशोधनात वरच्या समजल्या जाणाऱ्या मोजक्या विद्यापीठांची. तिथं अर्ज करून शिरता येत नाही, बोलावणं यावं लागतं. मिडवेस्टच्या ‘बिग टेन’ गटात या सभासदत्वाला फार किंमत. लग्नाच्या बैठकीत घराणं ओसरीवर विचारतात आणि देण्याघेण्याचं माजघरात ठरतं, त्यातलाच प्रकार.

नेब्रास्काची गोष्ट घ्या. २०१० मध्ये बिग टेननं नेब्रास्काला आमंत्रण दिलं. फुटबॉलचं नाव मोठं, आणि १९०९ पासून त्या संस्थेचं सभासदत्वही. सगळं जुळलं. प्रत्यक्ष प्रवेश व्हायचा होता जुलै २०११ मध्ये. त्याच्या दोन-तीन महिने आधी, एप्रिलमध्ये, त्या संस्थेनं मतदान घेऊन नेब्रास्कालाच बाहेर काढलं! कारण काय, तर संशोधनाचा हिशोब करताना शेतीवरचा बराच निधी धरत नाहीत, आणि नेब्रास्काचं वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्या आवारात, वेगळ्या कारभाराखाली. बिग टेननं मग काय केलं? काही नाही. नेब्रास्का आजही तिथं खेळतं. घराण्याची अट दारात होती, आत गेल्यावर कोणी विचारली नाही.

उलट्या दिशेनं गेलेलं विद्यापीठ एकच चटकन आठवतं, शिकागो. बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइजमन ट्रॉफी १९३५ मध्ये पहिल्यांदा दिली गेली, ती शिकागोच्या जे बर्वांगरला. चारच वर्षांनी अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल बंद केला, १९४६ मध्ये विद्यापीठ गटातूनही बाहेर पडलं. २ डिसेंबर १९४२ ला त्यांच्या स्टॅग फील्ड स्टेडियमच्या प्रेक्षक-गॅलरीखालच्या रॅकेट कोर्टात एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. त्या मैदानाच्या जागी आज ग्रंथालय आहे. शिकागोची पत यानं काही कमी झालेली दिसत नाही.

[न्यायालयाची इमारत. मग जुने टीव्ही संच.]

बाकीचे मात्र टीव्हीच्या मागं गेले. पूर्वी कोणाचे किती सामने दाखवायचे, हे ‘एनसीएए’ ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी खटला भरला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी ही मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणारे एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट, स्वतः कोलोराडोचे एकेकाळचे नामवंत फुटबॉलपटू. खेळलेल्या माणसाला पुढचं दिसलं असावं, असं मला वाटतं. तिथून प्रत्येक गट आपापला माल विकायला मोकळा झाला आणि शेजार या गोष्टीची किंमत घसरत गेली.

बिग टेननं २००७ मध्ये फॉक्सला भागीदार घेऊन स्वतःची वाहिनी काढली. पॅक-ट्वेल्व्हनं २०१२ मध्ये काढली, पण पूर्ण मालकी स्वतःकडं ठेवून. अभिमान चांगला, फक्त देशातल्या एका मोठ्या सॅटेलाइट कंपनीनं ती वाहिनी शेवटपर्यंत घेतलीच नाही. त्याआधी, २०११ च्या सप्टेंबरात ओक्लाहोमाची दोन विद्यापीठं यायला उत्सुक असल्याची चर्चा होती, तेव्हा ‘आम्हाला विस्तार नको’ म्हणून पॅक-ट्वेल्व्हनं दार लावून घेतलं होतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये बिग टेन, अटलांटिक कोस्ट आणि पॅक-ट्वेल्व्ह यांनी युती जाहीर केली. लेखी करार? नाही. सभ्य माणसांचा शब्द आहे, पुरेसा आहे, असं सांगितलं गेलं. ३० जून २०२२ ला, वर्षही पुरं व्हायच्या आत, बिग टेननं लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही दोन्ही विद्यापीठं उचलली. मुंबई-पुण्यातल्या घरांत यूएससी म्हणजे पोराचं एमएस आणि त्याचं कर्ज. टीव्हीवाल्यांना ते लॉस एंजेलिसमधले लाखो प्रेक्षक दिसतात. पुढच्या दोन महिन्यांत बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार झाला. आकडा ७०० कोटी डॉलरच्या पुढचा असल्याचं बातम्यांत आलं.

इथं एक घरगुती भानगड उभी राहिली. यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी विद्यापीठ-व्यवस्थेतली भावंडं. एकानं घर सोडल्यामुळं दुसऱ्याचं नुकसान. म्हणून नियामक मंडळानं ठरवलं, यूसीएलएनं बर्कलीला दरवर्षी एक कोटी डॉलर द्यायचे. घटस्फोटानंतरच्या पोटगीसारखं हे आहे, असं तिकडची मंडळी उघड म्हणतात.

[४ ऑगस्ट २०२३.]

पॅक-ट्वेल्व्हमधल्या उरलेल्यांपुढं ॲपलचा प्रस्ताव होता. सामने ॲपवर, प्रत्येकाला वर्षाला अंदाजे सव्वादोन कोटी डॉलर, वर्गणीदार वाढले तर जास्त. आधीच जुलैअखेर कोलोराडो ‘बिग ट्वेल्व्ह’ या वेगळ्याच गटाकडं गेलं होतं. ४ ऑगस्टच्या त्या एका शुक्रवारी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग ट्वेल्व्हमध्ये. ॲरिझोना स्टेटला त्या नामांकित संस्थेचं बोलावणं आलं होतं त्याच वर्षीच्या जूनमध्ये. म्हणजे घराण्याचा शिक्का बसला आणि दोन महिन्यांत घरच राहिलं नाही.

आज बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठं आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा. नावं कोणी बदलत नाही.

[पुलमनच्या आसपासचे गव्हाचे डोंगरउतार. मग कॉर्व्हॅलिस.]

मागं राहिली दोनच. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही छोट्या गावांतली, दोन्ही शेतकऱ्यांच्या मुलांसाठी, कॉलेजांना सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याच्या आधारावर निघालेली. मोठ्या भावंडांनी ‘शेतीवाले’ म्हणून कायम खालच्या पायरीवर धरलेली. (बर्कलीही त्याच कायद्याचं अपत्य. ते कोणी बोलून दाखवत नाही.)

कॉर्व्हॅलिसशी आपलाही एक धागा आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे तिथल्या त्याच कृषी महाविद्यालयात शिकले, पोर्टलंडच्या बैठकीच्या काही वर्षं आधी. शिकता शिकता ओरेगनमधल्या पंजाबी कामगारांत गदर चळवळीचं काम केलं आणि पुढं मेक्सिकोत मक्याचे संशोधक म्हणून नाव कमावलं. शेती शाळा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही यादीही कधीतरी वाचावी.

वॉशिंग्टन स्टेटच्या चाहत्यांची तऱ्हा तर और. ईएसपीएनचा एक कार्यक्रम दर शनिवारी वेगवेगळ्या कॉलेजातून थेट दाखवतात. २००३ च्या ऑक्टोबरपासून त्याच्या प्रत्येक प्रक्षेपणात, मागच्या गर्दीत, वॉशिंग्टन स्टेटचा किरमिजी झेंडा फडकतो. सामना त्यांचा नसतो, गाव त्यांचं नसतं. त्या शहरात राहणारा कोणी माजी विद्यार्थी पहाटे उठून लांब काठी घेऊन उभा राहतो, झेंडा कुरिअरनं पुढच्या गावी रवाना होतो. टीव्हीवर इतकी वर्षं फुकट दिसलेल्या या विद्यापीठाला टीव्हीचा हिशोब करणाऱ्यांनी शून्यात काढलं.

दोघांनी कोर्ट गाठलं. जे सोडून चालले, त्यांनी गटाच्या तिजोरीबद्दल मत का द्यावं? व्हिटमन काउंटीतल्या कोलफॅक्स या लहानशा गावातल्या न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये या दोघांच्या बाजूनं कौल दिला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या महिन्यात तो कायम राहू दिला. नाव, तिजोरी, कारभार सगळं दोघांकडं. २०२४ चा हंगाम पॅक-ट्वेल्व्ह दोन संघांवर खेळला.

[विमानतळ. खांद्यावर बॅगा घेतलेल्या मुली.]

फुटबॉलचा संघ आठवड्यात एक सामना खेळतो, खास विमानानं जातो. त्याचं फारसं बिघडत नाही. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींचे सामने जास्त, सिअ‍ॅटल ते न्यू जर्सी असे प्रवास, आणि सोमवारी तास असतोच. पैसा ज्यांच्यामुळं येत नाही, अंतर त्यांनी कापायचं. २०२५ च्या जूनमधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी दोन कोटी डॉलरच्या थोड्या वरपर्यंत. त्यातला मोठा हिस्सा कुणाकडं जातो, हे वेगळं सांगायला नको.

१२ सप्टेंबर २०२४ ला पॅक-ट्वेल्व्हनं २०२६ पासूनचे नवे सभासद जाहीर करायला सुरुवात केली. बॉइसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन दिएगो स्टेट. यातली दोन कॅलिफोर्नियातलीच, बर्कली आणि स्टॅनफर्डच्या राज्यातली. इतकी वर्षं त्यांना या गटात जागा मिळाली नव्हती.

दोनच दिवसांनी सिअ‍ॅटलला ॲपल कप झाला, वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, पहिल्यांदाच दोन वेगळ्या गटांतून. शेवटच्या मिनिटांत वॉशिंग्टनचा संघ रेषेपासून एका यार्डावर येऊन अडला. वॉशिंग्टन स्टेट २४, वॉशिंग्टन १९.