आधी चावा बिघडवायचा

(दृश्य : दंत महाविद्यालयाची ओपीडी. उजेडाच्या पेटीवर लावलेला, कवटीचा बाजूने काढलेला एक्स-रे.)

निवेदन :
या एक्स-रेला, म्हणजे सेफॅलोग्रामला, इथे सगळे नुसतं 'सेफ' म्हणतात. कवटी बाजूने दिसते आणि तिच्यावर बिंदू, रेषा, कोन मांडता येतात. वरचा जबडा कवटीच्या तळापासून किती पुढे, खालचा किती पुढे, दात आपापल्या हाडात किती कललेले, हे सगळं यात मोजता येतं.

हा सेफ एकवीस वर्षांच्या एका मुलीचा आहे. तिचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला आहे. वडापाव ती पुढच्या दातांनी तोडू शकत नाही, घास बाजूच्या दाढांकडे सरकवते. 'स' आणि 'श' बोलताना जीभ दातांच्या फटीत अडखळते. घरच्यांनी मात्र तिला आणलंय ते वेगळ्या कारणाने : पुढच्या वर्षी स्थळं बघायची आहेत.

आई विचारते, "डॉक्टर, नुसत्या तारांनी नाही का होणार?"

"काकू, दात हाडातच सरकतात. इथे हाडच पुढे आहे, त्याला शस्त्रक्रिया लागेल."

(दृश्य : मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, बाहेरून. मग आतले जिने.)

निवेदन :
जबडा सरळ करण्याची शस्त्रक्रिया साधारण काही तासांची. तिची तयारी मात्र बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षाची. ही तयारी दोन विभाग मिळून करतात : तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे, म्हणजे मॅक्सिलोफेशियल सर्जन. मोठ्या दंत महाविद्यालयांत हे दोन्ही विभाग एकाच छपराखाली असतात. खासगीत जाणाऱ्याने पहिली तार लागण्याआधीच या दोघांना एकमेकांशी बोलायला लावावं. एकाने तारा अर्ध्यावर आणल्यावर दुसऱ्याकडे जाणं महागात पडतं, कारण दात कोणत्या दिशेने न्यायचे हे शस्त्रक्रिया होणार की नाही यावरच ठरतं.

(दृश्य : प्लास्टरचे दातांचे साचे, वरचा आणि खालचा, हातात धरून जुळवताना.)

निवेदन :
इथे सगळ्यात विचित्र वाटणारी गोष्ट येते.

जबडा पुढे आलेला असला की शरीर वर्षानुवर्षं स्वतःच तडजोड करत राहतं. खालचे पुढचे दात आत, जिभेकडे झुकतात. वरचे ओठाकडे बाहेर कलतात. त्यामुळे हाडांमधलं अंतर जेवढं असतं, तेवढं ते दातांत दिसत नाही. सर्जनने याच अवस्थेत जबडा मागे नेला, तर दात लवकर एकमेकांना भिडतील आणि जबडा हवा तेवढा मागे जाणारच नाही.

म्हणून तारा आधी ही तडजोड मोडतात. खालचे दात पुढे उभे केले जातात, वरचे आत घेतले जातात. प्रत्येक दात आपल्याच हाडावर ताठ उभा राहतो आणि चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, पहिल्यापेक्षा वाईट होतो. हनुवटी आणखी पुढे वाटते, खाणं आणखी अवघड होतं. नातेवाईक विचारतात, "अगं, तारा लावून उलट जास्तच दिसायला लागलंय!" त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर असतं. उपचारही बरोबर चाललेला असतो.

हा काळ पेशंटला आधी सांगितलेला नसेल, तर कित्येकजण मधेच तारा काढायला येतात. आमच्या मते तयारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे हे एक संभाषण. काही ठिकाणी आधी शस्त्रक्रिया आणि मग तारा असा उलटा क्रमही घेतात, पण तो प्रत्येकाला चालत नाही.

(दृश्य : ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे आणि सगळे दात एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे. खालच्या अक्कलदाढेवर बोट.)

निवेदन :
ही खालची अक्कलदाढ. बहुतेक सर्जन ती शस्त्रक्रियेच्या किमान सहा महिने आधी काढायला सांगतात. कारण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

जबड्याचं हाड कापून जागा बदलण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी १८४९ मध्ये केला. भाजल्यानंतर आक्रसलेल्या कातडीने एका तरुणीचा जबडा ओढला गेला होता. १९०१ मध्ये फ्रान्सच्या रेने ल फोर यांनी कवट्यांवर आघात करून पाहिले आणि चेहऱ्याची हाडं ठरावीक रेषांवर तुटतात हे दाखवलं. त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेवरच आज सर्जन वरचा जबडा सोडवतात. खालच्या जबड्याची पद्धत १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओबवेगेसर यांनी मांडली. तोंडाच्या आतूनच हाड उभं चिरायचं, बाहेरचा पातळ थर वेगळा करायचा आणि दातांचा भाग पुढे किंवा मागे सरकवायचा. चेहऱ्यावर व्रण नाही.

ही चीर नेमकी अक्कलदाढेच्या परिसरातून जाते. तिथे दाढ किंवा ताजा खड्डा असला तर हाड नको तिथे तुटू शकतं आणि स्क्रू बसवायला भरीव हाडही कमी मिळतं. याच हाडातून खालच्या ओठाची संवेदना वाहून नेणारी नस जाते. शस्त्रक्रियेनंतर ओठ आणि हनुवटी बधिर होते ती त्यामुळे. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत-महिन्यांत परत येते, काहींची थोडी उणीव कायम राहते. संमतिपत्रावर सही करण्याआधी हे वाक्य मोठ्याने विचारून घ्यावं.

(दृश्य : आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी धरलेला एक तरुण.)

निवेदन :
तोंड तीन बोटं उघडतं का? महाराष्ट्रात हा प्रश्न निव्वळ औपचारिक नाही. गुटखा, मावा, सुपारी यांनी तोंडाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. मग सर्जनला जागा मिळत नाही आणि भूलतज्ज्ञालाही अडचण येते. भुलीची नळी इथे नाकातून घालतात, कारण चावा तपासायला तोंड मोकळं लागतं. सिगारेट आणि तंबाखू आठवडेआधी बंद करायला सांगतात, जखम आणि हाड भरून येण्यासाठी.

घोरण्याबद्दलही विचारतात. खालचा जबडा मागे नेला की जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. झोपेत श्वास अडकणाऱ्याचा आराखडा म्हणून वेगळा होतो : कधी खालचा कमी मागे आणि वरचा पुढे.

वाढ थांबली आहे का, हेही पाहावं लागतं. काही महिन्यांच्या अंतराने दोन सेफ काढून ते एकावर एक ठेवतात. खालचा जबडा उशिरापर्यंत वाढतो, मुलांमध्ये तर अधिकच. घाईने केलेलं ऑपरेशन वाढीने पुसून टाकलेलं सर्जन मंडळींनी पाहिलेलं असतं. लग्नाची तारीख हाडाला कळत नाही.

(दृश्य : संगणकावर त्रिमितीय कवटी, जबड्याचा तुकडा पडद्यावर सरकतो. मग छापून आलेली पारदर्शक पट्टी.)

निवेदन :
तारीख जवळ आली की सीटी स्कॅन आणि दातांचा स्कॅन जोडून शस्त्रक्रिया आधी पडद्यावर होते. त्यावरून ही पट्टी, स्प्लिंट, बनते. टेबलावर दात या पट्टीच्या खाचांत बसले की जबडा ठरलेल्या जागी आला, आणि मग टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू. तारांवर त्याआधी बारीक हुक लावलेले असतात, नंतर रबर अडकवण्यासाठी.

(दृश्य : स्वयंपाकघर. मिक्सर, गाळणी, चमचे.)

निवेदन :
घरातली तयारी आई करते. सुमारे सहा आठवडे चावणं बंद, सुरुवातीचे दिवस तर गाळलेलंच. मुगाचं कढण, नाचणीची आंबील, वरण, ताक, अंडं खाणाऱ्यांना पातळ सूप. मिरची-मसाला कमी. नुसत्या पेजेवर वजन झपाट्याने उतरतं, म्हणून डाळ, दूध, पनीर मिक्सरमधून काढून गाळायचं. स्ट्रॉ नको : ओढण्याच्या जोराने टाक्यांना त्रास होतो, त्यापेक्षा चमचा किंवा सुई नसलेली सिरिंज. लहान मुलांचा मऊ ब्रश, ओठांना व्हॅसलीन, डोकं उंच ठेवायला दोन उशा. तोंडाने बोलता येत नसेल त्या दिवसांसाठी वही-पेन.

विम्याचं पत्रही आताच. पॉलिसीत दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात. चावण्याची, बोलण्याची, श्वासाची अडचण डॉक्टरांच्या पत्रात आणि तपासण्यांत आधीच नोंदलेली नसेल, तर नंतर भांडायला हाताशी काही उरत नाही.

आणि घरच्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवायची : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा सर्वांत जास्त सुजतो. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सगळ्या मावश्यांना तोंड दाखवायची गरज नसते. सूज ओसरू लागली, की पुढची अपॉइंटमेंट पुन्हा तारांच्याच डॉक्टरांकडे. तारा तोंडात आणखी काही महिने राहतात.